तत्काळसाठी घड्याळ दोन सेकंद पुढे?

सुट्ट्या जवळ आल्या की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘कॉम्प्युटरचा इंटरनेट टाइम बंद करा. सर्व्हरवरून वेळ येईपर्यंत ती शिळी झालेली असते, शिवाय सर्व्हर अमेरिकेचा. घड्याळ हाताने दोन सेकंद पुढे लावा, तत्काळ तिकीट आधी मिळेल.’ या एप्रिलात तो मला मामांकडून आला, खाली ‘करून बघ रे’ असं लिहून.

आधी तिकिटाचं बोलू. एसी वर्गाचं तत्काळ 10 वाजता उघडतं, बिगर-एसीचं 11 वाजता. पण कुणाच्या घड्याळात 10? रेल्वेच्या सर्व्हरच्या. तुमच्या टेबलावरच्या घड्याळाला तिथे कुणी विचारत नाही. ते दोन सेकंद पुढे असेल तर तुम्ही बटण दाबता तेव्हा तिकडे 9:59:58 झालेले असतात. नकार येतो, तुम्ही पान पुन्हा लोड करता आणि त्या गडबडीत 10 वाजून जातात. घड्याळ मागे असेल तर दाबायला उशीर होतो, एवढं मात्र खरं. त्यावर उपाय म्हणजे ते बरोबर लावणं.

‘वेळ शिळी होते’ हे वरवर पटतं, म्हणून जरा हिशेबच मांडू. समजा, तुमचं घड्याळ 3 सेकंद मागे आहे. त्यात 10:00:00.00 वाजता ‘किती वाजले?’ अशी विचारणा निघाली. वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला (हा रेल्वेचा नव्हे) ती त्याच्या घड्याळाप्रमाणे 10:00:03.04 ला मिळाली, 10:00:03.05 ला उत्तर सुटलं आणि तुमच्याकडे, तुमच्याच घड्याळात, 10:00:00.09 ला पोचलं. जाताना फरक दिसला 3.04 सेकंदांचा, येताना 2.96 चा. सरासरी 3.00. प्रवासात गेलेला वेळ जाता-येता उलटसुलट मोजला जातो आणि कटून जातो. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी रचलेल्या आणि 1985 पासून चालत आलेल्या एनटीपीचा, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीचा, गाभा हाच. जायला वेळ जास्त आणि यायला कमी लागला तर चूक उरते, हे कबूल. पण ती एकूण प्रवासाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. इथे प्रवास 0.08 सेकंदांचा, म्हणजे चूक फार तर 0.04. बटणावर बोट पोचायलाच याच्या कितीतरी पट वेळ लागतो!

अमेरिकेच्या सर्व्हरचं म्हणाल तर एनटीपी सगळीकडे यूटीसीच, म्हणजे जगभर एकच असलेली प्रमाणवेळच, पाठवतं, साडेपाच तास आपला कॉम्प्युटर मिळवतो. सर्व्हर कुठल्या देशात आहे यावर तास बदलत नाहीत. तरी देशीच हवा असेल तर भारतीय प्रमाणवेळ सांभाळणारी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आणि सरकारी संगणकसेवा पाहणारं एनआयसी, दोघांचेही वेळ-सर्व्हर आहेत. 2022 मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने कंपन्यांना आपली घड्याळं त्यांच्याशी जुळवायला सांगितलं, ते असल्या मेसेजांपेक्षा गंभीर कारणासाठी: सायबर हल्ल्याचा माग काढताना दहा मशिनच्या नोंदी एकाच वेळेत बसाव्या लागतात.

राहिलं हाताने लावणं. मदरबोर्डवरचा क्वार्ट्‌झ स्फटिक दहा लाखांत 20 भागांनी चुकणं अगदी सर्वसाधारण आहे. दिवसाला 86,400 सेकंद, म्हणजे रोज सुमारे 1.7 सेकंद. त्यामुळे मोठ्या कष्टाने पुढे लावलेले दोन सेकंद दीड दिवसातसुद्धा संपू शकतात. वर ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनचे कोड देणारं अ‍ॅप, त्याच मशिनवर असेल तर त्याचे कोड घड्याळावरूनच बनतात आणि 30-30 सेकंदांनी बदलतात. घड्याळ मिनिटा-दोन मिनिटांनी हललं की बरोबर कोड टाकूनही लॉगिन होत नाही.

रविवारी मामांकडे गेलो होतो. त्यांचा कॉम्प्युटर चार मिनिटं मागे निघाला. ‘इंटरनेट टाइम कधी बंद केलात?’ विचारलं, तर म्हणाले, ‘दिवाळीत. तेव्हाही आला होता ना हा मेसेज.’