कच्चा मासा चालतो मग गुलाबी बर्गर का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

अहो, आधी थँक्यू, एवढी लांबलचक कमेंट लिहिलीत. सुशी, स्टेक आणि बर्गर मी कसे मागवते त्यावरची माझी पोस्ट, रागावून का होईना पण शेवटपर्यंत वाचलीत हे नक्की, कारण बर्गरमधून टोमॅटो काढायला लावते हे मी पार खाली लिहिलं होतं. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यांचं म्हणणं असं की मी सुशीत कच्चा मासा मिटक्या मारत खाते, स्टेक आतून लाल मागवते आणि बर्गर आला की मात्र "पूर्ण शिजवून द्या" म्हणते, म्हणजे हे निव्वळ ढोंग. शिवाय वसाबी (सुशीबरोबरची ती झणझणीत हिरवी चटणी) सोया सॉसमध्ये कालवत नाही म्हणून मिरवते आणि त्याच तोंडाने पाश्चात्त्य वळणाचा कॅलिफोर्निया रोलही मागवते. शेफ देईल ते गुमान खावं, सतरा सूचना करायच्या असतील तर घरीच जेवावं. आणि जाताजाता, वेल डन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजवलेला स्टेक, खाणाऱ्यांची टिंगल केल्याबद्दल एक टोला. त्या टोल्याकडे येते नंतर, तो लागलाय.

ढोंगाचं आधी बोलू. मांसाचा अख्खा तुकडा असतो ना, त्यावर जे काही जंतू असतात ते मुख्यतः बाहेरून, कापताना-हाताळताना लागलेले. सगळ्या बाजू आणि कडा कडकडीत भाजल्या की ते गेले, आत ५५ अंश असलं तरी. आता तोच तुकडा खिम्याच्या मशीनमधून काढा, म्हणजे बाहेरचं सगळं आत मिसळलं, आणि त्या पॅटीत, म्हणजे बर्गरमधल्या खिम्याच्या टिक्कीत, किती जनावरांचं मांस एकत्र झालंय ते कोणाला ठाऊक. मग वरून कितीही खरपूस दिसू दे, मधला गुलाबी भाग हा कधीकाळी बाहेरचा भाग असू शकतो. अमेरिकेचं कृषी खातं म्हणूनच स्टेकला ६३ अंश आणि नंतर ३ मिनिटं थांबा म्हणतं आणि खिम्याला थेट ७१. (माझा मीडियम रेअर, म्हणजे आतून लाल ठेवलेला स्टेक, त्या ६३ च्या खालीच असतो, हे कबूल, तेवढी जोखीम मी कळून घेते.) १९९३ साली तिकडे एका बर्गर चेनच्या नीट न शिजलेल्या पॅट्यांतून ई. कोलाय हा जंतू पसरला होता, ७०० हून जास्त लोक आजारी पडले आणि ४ लहान मुलं गेली. तर ढोंग नाही हो, दोन्हीकडे मी एकच प्रश्न विचारते की बाहेरचं आत गेलंय का. काही ठिकाणी स्टेक मऊ पडावा म्हणून त्यात मशीनने सुया टोचतात, तसं आहे असं कळलं तर मी तो स्टेकही नीट शिजवूनच मागते, बघा.

आणि प्लेटमध्ये जे लाल पाणी सुटतं ते रक्त नव्हे. रक्त कधीच निघून गेलेलं असतं, तो मायोग्लोबिन नावाच्या प्रोटीनचा रंग. कमेंटमधला "रक्ताळलेला" हा शब्द वाचायला भारी वाटला, पण नाही.

माशाचा हिशोब आणखी वेगळा. तिथे मुख्य भीती अळ्यांची, आणि त्यासाठी मासा आधी गोठवतात, उणे २० अंशाला ७ दिवस वगैरे. म्हणजे सुशीत "एकदम फ्रेश" म्हणून जो मासा आपण खातो तो पुष्कळदा फ्रीझरमधून आलेला असतो आणि तेच बरं असतं. बॅक्टेरिया गोठवून मरत नाहीत, त्यामुळे जागा भरवशाची लागते ती लागतेच. जिथे दारातून शिरताना माशाचा वास येतो तिथे मी सूप पिऊन बाहेर पडते.

वसाबीबद्दल मात्र तुम्ही मला उगाच पंडित केलंत. निगिरीत (भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली सुशी) भात आणि माशाच्या मध्ये शेफने बहुतेक वेळा वसाबी लावलेलाच असतो, त्यामुळे वाटीत वेगळा चिखल करायची मला गरज वाटत नाही, बस. बहुतेक ठिकाणी ती हिरवी गोळी म्हणजे हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग असतो, त्यात कसली आलीय अस्सलता! तुम्हाला कालवून आवडतं तर खुशाल कालवा. फक्त निगिरी भाताच्या बाजूने सोयात बुडवू नका, मासा खाली करून टेकवा, नाहीतर भात सोया पिऊन फुटतो आणि अर्धा वाटीत तरंगतो. कॅलिफोर्निया रोलचं म्हणाल तर हो, मागवते, आवडतो. सॅमनची निगिरी आज सगळीकडे अस्सल म्हणून खपते, पण जपानात कच्चा सॅमन खायची सवय लागली तीच नॉर्वेने १९८० च्या दशकात आपला मासा तिथे खपवायला जोर लावल्यावर, त्याआधी तिथे सॅमन शिजवूनच खायचे. सुशी म्हणजे मुळात व्हिनेगर घातलेला भात, मासा नंतर. माझी खरी कटकट असते ती त्या भाताची, तो अंगाइतका कोमट हवा, फ्रिजमधला गारढोण आणि टणक आला की वर कितीही महाग मासा ठेवा, संपलं. म्हणून शक्यतो काउंटरवर बसते आणि हँडरोल (नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेला भात-मासा) हातात दिला की तिथल्या तिथे खाते. एकदा मैत्रिणीने त्याचे चार अँगलने फोटो काढले, मग चावा घेतला तर नोरी इतकी चिवट झालेली की दातांनी ओढता ओढता आतला मासा मांडीवर!

आता "शेफ देईल ते खावं". सुशीत मी तेच तर करते. पण स्टेकच्या वेळी वेटर स्वतःच विचारतो ना कसा हवा? विचारल्यावर सांगायचं नाही तर काय मौन पाळायचं? माझी एकच जादा सूचना असते, धूर निघणाऱ्या तापलेल्या प्लेटवर नको, साध्या प्लेटमध्ये द्या. आचेवरून उतरवला तरी स्टेक आतल्या आत थोडा शिजतच राहतो, त्यात खाली लोखंड तापलेलं, म्हणजे मागवला मीडियम रेअर आणि निम्मा संपेपर्यंत वेल डन. चुरचुर आवाज छान येतो, टेबलवरचे सगळे वळून बघतात, पण मला जेवायचंय.

वेल डनवर आलेच आहे तर तो टोला. मान्य, मी चुकले. माझे मोठे काका एकदा बरोबर होते, त्यांनी रिबआय, म्हणजे चरबीदार भागाचा स्टेक, वेल डन सांगितला आणि मी वेटरसमोरच म्हटलं, "मग काका चपलेचा तळच मागवा ना." काका काही बोलले नाहीत. स्टेक आला, त्यांनी कडेचा एक तुकडा कापून न विचारता माझ्या प्लेटमध्ये सरकवला. चरबी सगळी वितळून कड कुरकुरीत झालेली, मीठ लागलेलं, आणि माझ्या मीडियम रेअर रिबआयमध्ये तीच चरबी पांढरी, रबरासारखी पडून होती, मी ती काट्याने बाजूला सारत होते! रिबआयमध्ये चरबी भरपूर म्हणून तो जास्त शिजवलेला सोसतो, फिले हा कमी चरबीचा मऊ तुकडा तसाच शिजवला तर कोरडा ठक्क होतो. तेव्हापासून मी रिबआय मीडियमच, म्हणजे थोडा जास्त शिजलेला, सांगते आणि मीडियम रेअर फक्त फिलेला. टिंगलीचं वाक्य पोस्टमधून काढून टाकलंय. काकांना सांगितलं नाही अजून.

बर्गर पूर्ण शिजवला की कोरडा होतो हे तुमचं म्हणणं जाड पॅटीला लागू आहे. म्हणून मी जाड एक मागवतच नाही, पातळ दोन मागवते, तव्यावर दाबून भाजलेल्या. त्या आतपर्यंत शिजतातच, खरपूस भाग दुप्पट मिळतो, आणि खिम्यात २० टक्के चरबी असली तर कोरडेपणाचा प्रश्नच येत नाही. वर चीज साधं स्लाइसवालं, भारीतलं जुनं चेडर नको, ते वितळताना तेल सोडून फाटतं.

आणि टोमॅटो काढायला लावते कारण खालचा बन दोन मिनिटांत ओला होऊन बोटं आरपार जातात. लेट्युस पॅटीच्या खाली ठेवलं तर थोडं वाचतं, पण ते वरच ठेवतात सगळे. तुम्हाला हवा असेल तर माझ्या वाटचा टोमॅटो तुम्ही घ्या.