माफी दिली, मागणी सोडली नाही

चार्ल्सटनच्या चर्चवरचा एक मजकूर दरवर्षी जूनच्या सुमाराला फिरतो. यंदा तो आमच्या मंडळीच्या ग्रुपवरही आला आणि खाली भराभर 'आमेन' पडले. मजकूर थोडक्यात असा: २०१५ मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या एका चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने नऊ जणांना गोळ्या घातल्या. दोनच दिवसांत सगळ्या कुटुंबांनी त्याला माफ केलं. ना मोर्चा, ना मागणी, ना राजकारण, फक्त प्रार्थना. त्या क्षमेने राज्याचं मन द्रवलं, गुलामगिरीवाल्यांचा झेंडा उतरला आणि प्रश्न मिटला. शेवटी आपल्याला उपदेश: जुन्या अन्यायाच्या नावाने सारखे हक्क मागणाऱ्या इकडच्या ख्रिस्ती लोकांनी यातून शिकावं.

नऊ जण गेले, हे खरं. पुढचं बरंचसं अर्धवट आहे किंवा सरळ चूक आहे, आणि ते त्या मंडळीवर अन्याय करणारं आहे.

'सगळ्यांनी दोन दिवसांत माफ केलं.' १७ जून २०१५, बुधवार. चार्ल्सटनच्या त्या मदर इमॅन्युएल चर्चच्या तळघरात बायबल अभ्यास चालला होता. मार्कचा चौथा अध्याय, पेरणाऱ्याचा दाखला. अनोळखी पोरगा आला, त्याला खुर्ची दिली, तो तासभर बसला. शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा त्याने पिस्तूल काढलं. १९ तारखेला कोर्टात तो फक्त पडद्यावर दिसत होता आणि नातेवाइकांना बोलायची मुभा मिळाली. मारल्या गेलेल्या एथेल लान्स यांची मुलगी नदीन कॉलियर रडत म्हणाली की आईला आता कधीच जवळ घेता येणार नाही, पण मी तुला माफ करते. आणखी काही जण तसंच बोलले. त्यांच्या विश्वासापुढे मी खरोखर नतमस्तक आहे.

पण त्याच एथेल लान्स यांची दुसरी मुलगी शॅरन रिशर. ती स्वतः इस्पितळात रुग्णांसाठी प्रार्थना करणारी पाळक. तिने सांगितलं, माझी अजून तयारी नाही. माफीपर्यंत ती पोचली, पण काही वर्षांनी आणि स्वतःच्या वाटेने. दरम्यान ती बंदुकांच्या कायद्यासाठी झगडत राहिली. मारल्या गेलेल्या ग्रंथपाल सिंथिया हर्ड यांचे भाऊ माल्कम ग्रॅहम यांनी तर माफी नाकारली, तीही जाहीरपणे. एकाच आईच्या दोन लेकी जिथे दोन ठिकाणी उभ्या होत्या, तिथे 'सगळ्यांनी' हा शब्द कुठून आला?

ज्यांनी माफ केलं त्यांचंही दुःख त्या दिवशी संपलं नाही. फेलिशिया सँडर्स यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा टायवान्झा त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्या स्वतः नातीला घट्ट धरून मेल्यासारख्या पडून राहिल्या म्हणून वाचल्या. जानेवारी २०१७ मध्ये शिक्षा सुनावली जात असताना फेलिशिया त्या रात्रीचं बायबल घेऊन कोर्टात आल्या आणि खुन्याला म्हणाल्या, तुझ्यामुळे मला आता डोळे मिटून प्रार्थना करता येत नाही. हे वाक्य त्या मजकुरात कधीच नसतं.

'क्षमेमुळे झेंडा उतरला.' दक्षिणेतल्या गुलाममालक राज्यांचा तो झेंडा चार्ल्सटन ज्या राज्यात आहे त्या साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चढला, म्हणजे नागरी हक्कांची चळवळ भरात असताना. २००० मध्ये तो घुमटावरून आवारात आला, तोही मोर्चे आणि बहिष्कारानंतर. त्याच वेळी असा कायदा झाला की दोन-तृतीयांश बहुमताशिवाय त्याला हात लावता येणार नाही. म्हणून हत्याकांडानंतर बाकीचे झेंडे अर्ध्यावर आले आणि हा पूर्ण उंचीवर फडकत राहिला. २४ जूनला चर्चचे पाळक क्लेमेंटा पिंकनी यांचं पार्थिव विधानभवनात आणलं तेव्हाही तो तिथेच होता. खिडकीतून तो दिसू नये म्हणून आतून काळा पडदा लावावा लागला. २७ तारखेला ब्री न्यूसम नावाची तरुणी खांबावर चढली, झेंडा काढला आणि 'परमेश्वर माझा प्रकाश व माझे तारण आहे' हे सत्ताविसावं स्तोत्र म्हणत उतरली. खाली पोलिसांनी अटक केली, झेंडा लगेच पुन्हा चढवला. सभागृहात तासन्‌तास वाद झाला आणि १० जुलैला तो एकदाचा उतरला. कुटुंबांच्या शब्दांनी लोक हलले, यात शंका नाही. पण मोर्चा नव्हता, मागणी नव्हती, हे धडधडीत खोटं.

'चर्च राजकारणापासून दूर होतं.' पिंकनी राज्याच्या सेनेटचे निवडून आलेले सदस्य होते! एप्रिल २०१५ मध्ये शेजारच्या नॉर्थ चार्ल्सटनमध्ये पळणाऱ्या वॉल्टर स्कॉट या निःशस्त्र काळ्या माणसावर पोलिसाने पाठीमागून गोळ्या झाडल्या. पोलिसांच्या अंगावर कॅमेरे हवेत, म्हणून पिंकनी सेनेटमध्ये बोलले आणि तिथे त्यांनी थोमाची गोष्ट सांगितली: खिळ्यांचे व्रण पाहिल्यावरच ज्याला विश्वास बसला तो थोमा. त्या कायद्यावर १० जूनला सही झाली. पुढच्याच बुधवारी पिंकनी मारले गेले.

आणि ही मंडळी जन्मलीच मुळी भांडून. गोऱ्यांच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये काळ्यांच्या दफनभूमीवरून वाद झाला, हजारो जण बाहेर पडले आणि त्यांनी आपलं चर्च उभं केलं. डेन्मार्क व्हीसी त्याच मंडळीतले. १८२२ मध्ये गुलामांच्या उठावाचा कट केल्याच्या आरोपावरून त्यांच्यासह ३५ जणांना फाशी दिली आणि चर्च पाडलं. १८३४ मध्ये काळ्यांच्या चर्चवर बंदी आली तेव्हा ही माणसं चोरून भेटत राहिली. गुलामगिरी संपल्यावर नवी इमारत बांधली, तिचा आराखडा व्हीसींच्या मुलाचा. १९६९ मध्ये इस्पितळातल्या काळ्या कामगारांचा संप झाला, तेव्हा मार्टिन लूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी मोर्चा काढला तो इथूनच.

'प्रश्न मिटला.' खुन्याला पिस्तूल मिळालंच कसं, यावर नऊही कुटुंबं आणि वाचलेले पाच जण सरकारविरुद्ध कोर्टात गेले. बंदूक घेणाऱ्याच्या पार्श्वभूमी तपासणीत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेकडून चूक झाली होती. २०२१ मध्ये सरकारने ८.८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. माफ करणारेही त्यात होते. चार्ल्सटनच्या नगर परिषदेने २०१८ मध्ये गुलामगिरीबद्दल माफी मागितली, पण ठराव सात विरुद्ध पाच मतांनी निघाला. पिंकनींच्या नावाचं द्वेषगुन्ह्यांविरुद्धचं विधेयक राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने २०२१ मध्ये आणि परत २०२३ मध्ये मंजूर केलं. दोन्ही वेळा ते सेनेटमध्ये अडकलं, ज्या सेनेटमध्ये पिंकनी स्वतः बसत होते.

आता आपल्याला केलेला उपदेश. आमच्यापैकी अनेकांचे पणजोबा गावकुसाबाहेर राहायचे. बाप्तिस्मा घेतल्यावरही गावाने त्यांना पाण्याला हात लावू दिला नाही. तरी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती बाहेर राहिले, आणि शीख व बौद्धांना नंतर घेतलं तरी आम्ही बाहेरच आहोत. त्या यादीत जागा मागणाऱ्याला 'क्षमा शिका' म्हणून गप्प बसवणाऱ्यांनी निदान त्यासाठी मदर इमॅन्युएलचं नाव वापरू नये.