आदी मान्यवर उपस्थित होते

स्थानिक पेपरातल्या चुकलेल्या मथळ्याचा फोटो काढायचा, त्यावर लाल गोल मारायचा आणि ‘मराठीची ऐशीतैशी’ असं लिहून ग्रुपवर सोडून द्यायचा, हा सध्या आमच्या ठाण्यातला लाडका उद्योग आहे. ‘विद्यार्थीनींचे घवघवीत यश’. ‘दैदिप्यमान कामगिरी’. ‘क्रिडा महोत्सव’. खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग कोणीतरी गंभीर होऊन लिहितं, “पत्रकारीतेचा दर्जाच घसरलाय.” त्यातली ‘री’ कोणाला खटकत नाही.

मला याचा आता कंटाळा आलाय. विद्यार्थिनी, देदीप्यमान, क्रीडा असंच छापायला हवं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच बातमीत खाली चौथ्या ओळीत एखाद्या पोराचं आडनाव चुकलेलं असतं. त्यावर गोल कोणीच मारत नाही, कारण ते चुकलंय हे फक्त त्या एका घराला कळतं.

माझ्या भाचीचंच सांगतो. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा दुसरा नंबर आला, बातमी छापून आली. तिच्या आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झाला होता. नाव मुलाचंही असू शकेल असं, त्यामुळे ‘हिने’च्या जागी ‘याने’. म्हणजे आमच्या घरात नसलेल्या एका मुलाला बक्षीस मिळालं. तिच्या आजोबांनी कात्रण कापलं, निळ्या बॉलपेनने ‘ल’ खोडून वर ‘ळ’ लिहिला, ‘याने’चं ‘हिने’ केलं, शेजारी सही करून तारीख टाकली आणि मगच ते लॅमिनेट करायला दिलं. निवृत्त सरकारी कर्मचारी. दुरुस्ती साक्षांकित केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्याच बातमीत ‘पारितोषीक’ असंही छापलेलं होतं. त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नाही.

माझा एक मित्र बरीच वर्षं एका स्थानिक दैनिकात पानं लावायचा. ह्रस्व-दीर्घ कसं चुकतं हे मला त्याच्याकडून कळलं. शाळेची बातमी व्हॉट्सअॅपवर येते, ती युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकांवर सगळीकडे चालणाऱ्या लिपीसंकेतात. पान लागतं ते जुन्या फॉन्टमध्ये, कारण अनेक वर्षांची सगळी बसवलेली घडी त्यात आहे. मध्ये एक कन्व्हर्टर, म्हणजे एकातला मजकूर दुसऱ्यात बदलणारा प्रोग्राम. जुन्या फॉन्टच्या फाइलमध्ये ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्ही नेमकं उलट. आता ‘विद्यार्थिनी’ घ्या. तिथे एकाच ‘थ’वर वेलांटीही आहे आणि रफारही. कन्व्हर्टर तिथे अडखळला की रफार शेजारी जाऊन बसतो, वेलांटी भलतीकडे जाते, आणि ऑपरेटर घाईघाईत हाताला येईल तशी दुरुस्ती करतो. जुन्या फॉन्टला स्पेलचेक नाही. मुद्रितशोधक नावाचा माणूस एकेकाळी होता, तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. पूर्वी निदान मुद्राराक्षसावर ढकलता यायचं, आता तोही बिचारा उरलेला नाही.

शिवाय साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे, १९७२ साली भर पडून अठरा झाले. ते अठराच्या अठरा सांगू शकेल असा माणूस आमच्या पूर्ण सोसायटीत सापडायचा नाही. बेलापूर दीर्घ आणि बेलापुरात ह्रस्व, हे गोल मारणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत आहे? शुद्धलेखनासाठी आयुष्य घालवलेले अरुण फडके याच ठाण्याचे. त्यांचा लेखन-कोश टेबलावर ठेवला तर यातल्या बऱ्याच चुका टळतील, हे खरं. पण कुठल्याही कोशात तुमच्या मुलीचं नाव नसतं. ते शाळेला विचारावं लागतं, आणि शाळेने मुलीला.

गडबड होते ती इथे. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, बऱ्याच प्रेसनोट इंग्रजीत येतात. शाळा इंग्रजी माध्यमाची, हजेरीपट इंग्रजीत, बोर्डाच्या यादीत नाव रोमन लिपीत. Kale नावाचा मुलगा काळे की काले? Dandekar मधला ‘द’ कुठला आणि ‘ड’ कुठला? ऑपरेटर संध्याकाळी साडेसातला अंदाजाने ठोकतो. गावांचंही तेच होतं. बाळकुमचं ‘बालकूम’, ढोकाळीचं ‘धोकली’, घणसोलीचं ‘घनसोली’ झालेलं मी याच डोळ्यांनी वाचलंय. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आगरी-कोळी माणसाने ते वाचून काय म्हणावं? तो बहुधा काही म्हणत नाही, पेपरच बंद करतो.

गंमत म्हणजे व्यासपीठावरच्या एकाचंही नाव कधी चुकत नाही. शाळेची बातमी कशी असते ते आपल्याला पाठ आहे. अमुक यांच्या शुभहस्ते, तमुक यांच्या अध्यक्षतेखाली, प्रमुख पाहुणे म्हणून, याप्रसंगी व्यासपीठावर अमुक, तमुक, ढमुक आदी मान्यवर उपस्थित होते. सूत्रसंचालन यांनी केले, आभार त्यांनी मानले. ‘या यशाबद्दल सर्वत्र अभिनंदन होत आहे.’ हे ‘सर्वत्र’ म्हणजे नेमकं कुठे, ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. फोटोत पंधरा मोठी माणसं, एक करंडक, आणि करंडकाच्या मागे ज्यांनी तो जिंकला त्यांची फक्त कपाळं. पाहुण्यांची नावं बरोबर का येतात? कारण चुकलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो. पुढच्या महिन्यात त्यांच्या वाढदिवसाची जाहिरात असते, तीही हातची जाते. सहावीतल्या मुलीचा फोन येत नाही.

याच्यावर माझ्या एका वहिनींचं म्हणणं, “मग कशाला घेता असला पेपर?” घेतो, कारण ही बातमी दुसरीकडे कुठेच येत नाही. २०११च्या जनगणनेतच ठाणे महापालिकेची लोकसंख्या अठरा लाखांवर गेली होती. मोठ्या दैनिकांच्या ठाणे पुरवणीला मेट्रो, घोडबंदरची कोंडी, पाणीकपात यातून सवड नाही, आणि नसावीही. कळव्यातल्या पोरीने कबड्डीत काय केलं, ऐरोलीच्या शाळेतल्या किती मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, हे छापतो तो चार-आठ पानांचा स्थानिक पेपरच. आणि ठाणं या धंद्याला नवखं नाही. १८६६ साली इथून ‘अरुणोदय’ निघत होता. शहर वाढून वाढून डोंगराला टेकलं, तरी हे एक पान अजून गावाचं राहिलंय, त्याची मला किंमत आहे. रद्दीवाल्याला विचारा, निकालाच्या दिवसांतले अंक कमी का येतात. लोक कात्रणं काढून ठेवतात. व्हॉट्सअॅपवरचा फोटो कोणी लॅमिनेट करत नाही.

किंमत आहे म्हणूनच तक्रारही आहे, आणि ती वेलांटीपेक्षा मोठी आहे. शाळांची खरी बातमी या पानावर फारशी नसतेच. २०२४ साली आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, नियमात बदल करून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळांना गरीब-वंचित घरांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून सूट दिली गेली. मे महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, जुलैत तो बदल रद्दच केला. त्या मधल्या महिन्यांत वागळे इस्टेटमधल्या रिक्षावाल्याने आपल्या मुलाचा अर्ज कुठे भरायचा, हे चौकटीत छापायला स्थानिक पेपरासारखी जागा नव्हती. जवळची मराठी शाळा यंदा पहिलीचा वर्ग भरवू शकली का, पट किती, शिक्षक किती, हेही तिथेच यायला हवं. त्याऐवजी आपल्याला वृक्षारोपण मिळतं. एका रोपाला आठ जणांचे हात लागलेले, आणि रोपाचं नाव नाही.

बरं, पेपरवाल्यांना एकट्यांना झोडून उपयोग नाही. तिथे एक माणूस बातमी लिहितो, तोच फोटो कापतो, तोच जाहिरातीचे पैसे मागायला जातो. चूक कळवली तर दुसऱ्या दिवशी ती सुधारून, त्याच पानावर, नावासकट आणि दिसेल अशा अक्षरांत छापा, एवढं त्यांच्याकडून मागणं जास्त नाही. कोपऱ्यात ‘अनवधानाने’ म्हणून दोन ओळी टाकू नका; फोटो पुन्हा लावा. आणि आपण वाचकांनीही फोटो ग्रुपवर फिरवण्याआधी अंकावर छापलेल्या नंबरवर एक फोन करावा. मी दोनदा करून पाहिला. दोन्ही वेळा पलीकडच्या माणसाला आधी वाटलं की मला जाहिरात द्यायची आहे. मग त्याने नाव नीट लिहून घेतलं.

माझ्या ओळखीत इथल्या शाळांमधले बरेच शिक्षक आहेत, म्हणून ही विनंती थेट त्यांनाच. यंदा बातमी पाठवाल तेव्हा मुलांची नावं देवनागरीत पाठवा, आणि ती तुम्ही स्वतः लिहू नका, मुलांकडून लिहून घ्या, आईचं-वडिलांचं नाव आणि आडनावासकट. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी तर नक्कीच. कागदाचा फोटो काढून बातमीसोबत जोडा, म्हणजे ऑपरेटरला अंदाज बांधावा लागणार नाही. नावं पहिल्या परिच्छेदात घाला. जागा कमी पडली तर पेपरवाले खालून कापतात, तेव्हा मान्यवरांची यादी सगळ्यात शेवटी ठेवा.