पागडीचा फोन

आमचे बाबा गिरगावात पागडीच्या खोलीत लहानाचे मोठे झाले आणि निम्मं आयुष्य चाळमालकाशी भांडण्यात घालवलं. त्यामुळे स्मार्टफोन ही काय चीज आहे हे त्यांना माझ्याआधी कळलं, यात नवल नाही.

निमित्त एका शॉपिंगच्या अ‍ॅपचं झालं. फोन नवाकोरा, पूर्ण पैसे रोख मोजून घेतलेला. तरी हे अ‍ॅप आधीच आत पथारी पसरून बसलेलं. बाबांनी आयुष्यात कुर्ता घातलेला नाही, पण दुपारी डोळा लागला की 'खास तुमच्यासाठी कुर्ते' म्हणून टिंग वाजायचीच.

"काढून टाक रे ते," बाबा म्हणाले.

मी सेटिंग्जमध्ये शिरलो. जिथे 'अनइन्स्टॉल' असायला हवं तिथे नुसतं 'डिसेबल'. ते दाबलं तर धमकी आली, की यामुळे इतर अ‍ॅप नीट चालणार नाहीत. कुर्त्यांचं दुकान बंद केल्यावर गजराच्या पोटात का दुखावं, देव जाणे.

"जाणार नाही, बाबा. फक्त झोपून राहील."

"आपल्याच जागेत?"

"हो."

"मालकानं मेहुणा आणून ठेवलाय," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

पागडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी घसघशीत रक्कम मोजायची, वर महिन्याचं किरकोळ भाडं भरायचं, पिढ्यान्‌पिढ्या राहायचं, पण भिंत हलवायची तर मालकाला विचारायचं. आणि खोली दुसऱ्याला दिलीत तर आलेल्या पैशातला वाटाही त्यालाच. मी बाबांना म्हटलं, अ‍ॅपल आणि गूगल आपापल्या दुकानातल्या अ‍ॅपच्या डिजिटल विक्रीतून 30 टक्क्यांपर्यंत कमिशन कापत आलेत.

"तीसच? आमचा तेहतीस घ्यायचा."

कोर्टकचेरी हा बाबांचा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून मी स्पर्धा आयोगाची गोष्ट काढली. ऑक्टोबर 2022मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या जोरावर दांडगाई केल्याबद्दल गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. शिवाय फोनमध्ये आधीच भरून दिलेली तुमची अ‍ॅप लोकांना काढू द्या, असंही बजावलं. बाबा खुर्चीत सरसावून बसले. मग मार्च 2023मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार आदेश रद्द केले.

"त्यातला एक कुठला, ओळखा."

"मेहुण्याचा," बाबा म्हणाले. लघुवाद न्यायालयात चपला झिजवलेल्या माणसाला निकाल वाचून दाखवावा लागत नाही. (आमचं कुर्तेवालं अ‍ॅप गूगलचं नाही, हे सांगायलाच हवं. या धंद्यात मेहुणे सगळ्यांनाच आहेत.)

मालकाशी वाजलं की काय होतं, तेही आपण पाहिलंय. मार्च 2024च्या सुरुवातीला कमिशनच्या वादावरून गूगलनं काही भारतीय अ‍ॅप प्ले स्टोअरवरून उतरवली. त्यांत नोकरी शोधून देणारी होती आणि लग्न जुळवणारीही. म्हणजे नोकरी आणि छोकरी, दोन्हींचं सामान एकदमच जिन्याखाली! केंद्र सरकारनं लक्ष घातल्यावर काही दिवसांत ती परत वर आली. "लग्नालाही मालकाची एनओसी?" बाबांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं म्हटलं तर अख्ख्या जगात मोठ्या चाळी दोनच. अ‍ॅपलच्या चाळीत बाहेरचं अ‍ॅप आत शिरू नये म्हणून गॅलरीला गज आहेत, गूगलच्या चाळीत ते आत्ता बसवताहेत.

परवा फोनवर नवीन सूचना झळकली: फोटो ठेवायची जागा भरली, दर महिन्याला पैसे भरा म्हणजे आणखी मिळेल. मी चरफडलो. फोन आपला, फोटो आपले, नातवाच्या मुंजीचे, आणि वर यांना पैसे! बाबांनी मात्र फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि मजकूर पुन्हा एकदा बोट ठेवून वाचला. असा आनंद मी त्यांच्या तोंडावर मालकाची केस जिंकल्यानंतर पाहिला नव्हता.

"दर महिन्याला म्हणतोय ना? म्हणजे भाडं. आला जाळ्यात! आता आपण रीतसर भाडेकरू झालो. भरून टाक लगेच, आणि पावती माझ्या नावानं घे."