आपल्या साहेबांचा ईमेल द्या

काल एका गृहस्थांनी माझ्याकडे माझ्या वरिष्ठांचा ईमेल मागितला. माझी तक्रार करायची होती म्हणे. मला वरिष्ठ नाहीत, पगार नाही, ऑफिसही नाही. फोटोंच्या फायलींना तारखेनुसार नावं देणारं एक चिमुकलं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, सॉफ्टवेअर मी रात्री जेवणं उरकल्यावर सांभाळतो, एवढाच काय तो माझा गुन्हा.

त्यांच्या इश्यूचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पानावर नोंदवलेल्या तक्रारीचं, शीर्षक होतं, 'चालत नाही'. खाली सविस्तर वर्णन: 'तातडीचं आहे.'

मी विचारलं, "कोणती आवृत्ती वापरताय?"

"लेटेस्ट."

"लेटेस्ट म्हणजे?"

"मी डाउनलोड केली तेव्हा लेटेस्ट होती."

"एरर काय आला?"

"एक खिडकी आली होती. मी बंद केली."

"त्यात काय लिहिलं होतं?"

"ते वाचायचं काम माझं आहे का?"

स्क्रीनशॉट मागितला, तर मोबाइलनं काढलेला मॉनिटरचा फोटो आला. नेमकं एररच्या मजकुरावर फ्लॅशचं झगझगीत वर्तुळ आणि खालच्या कोपऱ्यात साहेबांचा अंगठा. अंगठा मात्र इतका सुस्पष्ट, की त्याच्या रेघा मोजता आल्या असत्या. वर्तुळाबाहेर उरलेल्या अर्ध्या शब्दांवरून कळलं, की ज्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच नाही, तिथल्या फायलींची नावं बदलायचा खटाटोप चाललाय. तसं लिहिलं. उत्तर आलं, "मग परवानगी घ्यायची जबाबदारी सॉफ्टवेअरची नाही का?"

म्हटलं, ही अडचण इतरांनाही येईल, मदतपानावर तुम्हीच दोन ओळी घाला, प्रोग्रामिंग यावं लागत नाही. त्यावर जे आलं ते जसंच्या तसं देतो: "मी फीडबॅक दिला. तेच माझं योगदान. आता तुम्ही तुमचं काम करा." वरिष्ठांची चौकशी त्यानंतरची.

फीडबॅकला माझा विरोध नाही हो. मध्यंतरी एका बाईंनी, कोडची एक ओळही न येणाऱ्या, कुठे क्लिक केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, सगळं क्रमानं लिहिलं आणि बिघडलेली फाइलही जोडली. त्याच रात्री दुरुस्ती झाली. योगदान म्हणतात ते हेच. पण 'चालत नाही' हे योगदान असेल, तर हॉटेलात ताट वाजवणारा आचारीच म्हणायचा.

ओपन सोर्स सॉफ्टवेअर ज्या अटींवर वाटतात, त्यांतल्या एमआयटी लायसन्समध्ये 'आहे तसं घ्या, कसलीही हमी नाही' हा परिच्छेद अख्खा कॅपिटल अक्षरांत छापलेला असतो. बिचारं लायसन्स घसा फोडून ओरडतंय, आणि ऐकतंय कोण?

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या, असंख्य प्रोग्रामांत नोंदी ठेवायला वापरल्या जाणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या भोकानं जगाची झोप उडाली. पुढच्याच महिन्यात एका बड्या कंपनीनं कर्ल हे इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या डॅनियल स्टेनबर्गना पत्र धाडलं: आमच्या प्रश्नांची उत्तरं चोवीस तासांत द्या. कर्ल सी या प्रोग्रामिंग भाषेतलं, लॉगफोरजे जावातलं. लॉगफोरजेशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्यांनी शांतपणे कळवलं, सपोर्टचा करार करा, आनंदानं उत्तरं देतो. पलीकडून पुन्हा पत्र आलं, त्यात त्यांना 'डेव्हिड' करून टाकलेलं!

हे हसण्यावारी नेता येतं. एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं नाही नेता येत. तिथं वर्षानुवर्षं एकट्यानं राबणाऱ्या माणसामागे इंटरनेटवरची काही खाती लागली: किती हळू चाललंय, दुसऱ्याच्या हाती का देत नाही? त्यानं 2022 मध्ये लिहिलं होतं, की मनःस्वास्थ्य ठीक नाही, आणि हा बिनपगारी छंद आहे. शेवटी ज्या 'मदतनिसा'ला त्यानं अधिकार दिले, त्यानंच चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये एसएसएचनं, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या वाटेनं, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे एका अभियंत्याला खटकलं म्हणून तो चोरदरवाजा सापडला. तगादा लावणारी खाती बहुधा बनावट होती असं आता मानतात. तेव्हा कुणाला संशय आला नाही, याचं मला नवल वाटत नाही. का यावा? खरे वापरकर्तेही हुबेहूब याच सुरात बोलतात.

आमच्या गृहस्थांनी आज सकाळी इश्यू बंद केला. "आता चालतंय. काय केलं आठवत नाही." लगेच खाली तिघांनी लिहिलं, "आम्हालाही हाच प्रॉब्लेम. उपाय काय?" उपाय त्याच पानावर चार ओळी वर आहे. प्रश्नात टॅग मला केलंय, आणि त्यातल्या एकानं पुढे जोडलंय, 'तातडीचं आहे.'