सह्या आणा, सह्या आणा!

ठाण्याहून दापोलीजवळच्या गावी राहायला आलो त्याला दोन वर्षं झाली. पावसात लाइट जाते, ते चालतं. पण हा सातबारा! सामाईक बावीस नावं, त्यातली नऊ माणसं कधीच वारली. पणजोबांचं नाव अजून तसंच. पडवी पाडून नवी बांधायची म्हटलं की दरवेळी एकच, "सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आणा." वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, असं १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात कलम १४९ मध्ये स्पष्ट लिहिलंय. आमच्यात एकानेही कळवलं नाही! बोरिवलीचे काका फोनवर म्हणतात, "गणपतीत येतो, तेव्हा बघू." अहो काका, दोन गणपती गेले. भिंतीतून झिरपलेलं पाणी आईच्या अंथरुणापर्यंत येतंय.