फ्रेडीचे दात आणि तुमचं मत

गायकाच्या आयुष्यावरचा हॉलिवूडचा सिनेमा बघायला निघालात? मग मत घरूनच घेऊन जा. सिनेमा बघून मत बनवायचं म्हटलं की मध्यंतरापर्यंत गप्प बसावं लागतं, आणि तेवढ्यात शेजारचा बोलून मोकळा होतो.

सरावाला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' घ्या. साल 2018, 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या भूमिकेत रामी मालेक. सुरुवात दातांपासून करा. "दात जरा जास्तच झालेत," एवढं म्हटलं की पुढचा अर्धा तास तुमचा. फ्रेडीच्या तोंडात चार दात खरोखरच जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे बाहेर आलेले होते आणि पाचगणीच्या शाळेत पोरं त्याला 'बकी' म्हणून चिडवायची, हे ठाऊक नसेल तर फार बरं. ठाऊक असलं की फोटो काढून पडताळणी करत बसावं लागतं. मालेक हे नकली दात चित्रीकरणाच्या बऱ्याच आधीपासून लावून बोलायचा सराव करत होता म्हणे. करू दे. त्याला पैसे मिळतात त्याचे.

दातांनंतर केस. क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे झालेला ग्विलिम ली थेट ब्रायन मेच दिसतो. दिसताक्षणी "अगदी तोच!" म्हणा. काम कसं केलंय असं कोणी विचारलं तर पुन्हा "अगदी तोच!" म्हणा. तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

मग आवाज. मालेक स्वतः गायलेला नाही. बहुतेक ठिकाणी फ्रेडीचीच मूळ ध्वनिमुद्रणं आणि जोडीला मार्क मार्टेल या कॅनडाच्या गायकाचा गळा आहे. इथे "नुसते ओठ हलवून ऑस्कर?" असं तुच्छतेनं विचारायचं. पुढच्याच वर्षी गायक एल्टन जॉनवरचा 'रॉकेटमॅन' आला. त्यात टॅरन एगर्टन एल्टन जॉनची गाणी स्वतः गायला. त्याच्याबद्दल म्हणायचं, "गातो बरा, पण एल्टनची सर नाही." ओठ हलवणाऱ्याला ऑस्कर मिळालं आणि गाणाऱ्याला नामांकनसुद्धा नाही. म्हणजे तुमची दोन्ही मतं ऑस्करवाल्यांच्या कानावर गेली होती, पण त्यातलं दुसरंच त्यांनी मनावर घेतलं.

एक पथ्य मात्र पाळा. दात मोजणाऱ्यानं सालं मोजायची नसतात. सिनेमात फ्रेडी आपल्या आजाराची, म्हणजे एड्सची, बातमी 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीआधी सोबत्यांना सांगतो, आणि मग लंडनमधल्या वेम्ब्लीच्या मंचावर जातो. थिएटरात नाकं ओढल्याचे आवाज येतात. तुम्हीही खुशाल रडा. तो कार्यक्रम 13 जुलै 1985 चा आणि आजाराचं निदान साधारण 1987 चं, ही कटकट रुमाल हातात असताना कशाला? फ्रेडीनं एकट्यानं अल्बम करायचं ठरवलं म्हणून बँड फुटतो, तेही मुकाट गिळा. ड्रमवाला रॉजर टेलर 1981 मध्येच स्वतःचा वेगळा अल्बम काढून बसला होता, आणि लाइव्ह एडच्या दोनच महिने आधी क्वीनचा दौरा जपानात संपला होता. पण इतक्या वर्षांनी जुळलेली दोस्ती बघून तुमचा गळा दाटून आलाय, तो असा फुकट घालवू नका. मिशीची कड गालापासून सुटलेली दिसली तर मात्र लगेच सांगा. चरित्राशी प्रतारणा झाली असं त्यालाच म्हणतात.

आता हक्काचा मुद्दा. फ्रेडीचं मूळ नाव फारुख बुल्सारा, जन्म झांझिबारचा, पारशी, आणि आठव्या वर्षापासून पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. म्हणजे आपलाच! तिथेच पियानो, तिथेच 'द हेक्टिक्स' नावाचा पोरांचा बँड, आणि सिनेमात पाचगणी शोधावी लागते. या शाळेवरून तुम्ही आजवर फक्त स्ट्रॉबेरीच्या शोधात गेला असाल, तरी अन्याय तुमच्यावरच झालाय. त्याच दमात "पारशी नट मिळाला नाही का?" हेही विचारून घ्या; मालेकचे आईवडील इजिप्तचे आहेत. मिळाला असता तो कोण, असं कोणी उलट विचारलं तर बोमन इराणींचं नाव घ्या. वयाचा प्रश्न मेकअपवाला बघेल.

(आणि "हॉलिवूडवाले दर वेळी नवा माणूस शोधतात, नाहीतर आपल्याकडे टिळकही सुबोध भावे आणि घाणेकरही सुबोध भावे," हे वाक्य चहाच्या वेळेसाठी राखून ठेवा. हे म्हणणारे दोन्ही सिनेमे रांगेत उभं राहून बघून आलेले असतात.)

समीक्षकांनी या सिनेमाला नाकं मुरडली, लोकांनी 90 कोटी डॉलरांहून जास्त गल्ला भरला. तुम्ही दोन्हीकडे राहा. तिकीट काढा आणि नाकही मुरडा.

पुढचं काम 2028 चं आहे. दिग्दर्शक सॅम मेंडिस 'बीटल्स' या चौघांच्या बँडवर चार सिनेमे आणतोय, एकेकावर एकेक. पॉल मेस्कल, हॅरिस डिकिन्सन, जोसेफ क्विन आणि बॅरी कोगन ही नटांची नावं 2025 मध्येच जाहीर झाली, आणि "एकही तसा दिसत नाही" हे त्याच दिवशी ठरलंसुद्धा. तुम्ही मागे पडलात. बीटल्सचा ड्रमवाला रिंगो, त्याचं नाक अजून कोणी फारसं धरलेलं नाही, तेवढं पटकन आपल्या नावावर करून टाका.